निळ्याचा राखाडी कसा झाला?

शेजारच्या मुलाने वर्षभर हट्ट केला, तेव्हा कुठे त्यांच्या घरी फिश टँक आला. तीन फूट लांब, वर एलईडीची पट्टी, तळाला पांढरे खडे आणि कोपऱ्यात बुडबुडे सोडणारी प्लास्टिकची पेटी. मासे आणायला बापलेक बालाघाटहून गोंदियाला गेले आणि हवा भरून फुगवलेल्या पिशव्या मांडीवर सांभाळत गाडीने परत आले. चार मासे पिवळेधमक, दोन गडद निळे. निळ्यांचं नाव दुकानदाराने 'इलेक्ट्रिक ब्ल्यू' सांगितलं होतं आणि पैसेही त्या नावाला साजेसेच घेतले होते.

आठव्या दिवशी मुलगा माझ्या दारात. "काका, एक निळा खराब निघाला."

जाऊन पाहिलं. एक निळा पहिल्यापेक्षाही निळा होऊन टँकच्या मधोमध मिरवत होता. दुसरा फिल्टरच्या नळीमागे, पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात, जवळजवळ उभा. अंगाचा रंग पावसाळी आभाळासारखा, त्यावर पुसट उभे पट्टे. शेपटीची कड कुरतडलेली. तोवर पाण्यात निळं औषध पडलं होतं, पांढऱ्या खड्यांना शाईचे डाग पडले होते, आणि आता दुसरा डोस द्यायचा का, हा प्रश्न होता.

"औषध राहू दे," मी म्हटलं. "तो तगडा निळा बादलीत काढून ठेव. नळीमागच्याला हात लावू नको."

मुलाला वाटलं मी उलटं बोलतो आहे. आजारी मासा टँकमध्ये आणि धडधाकट बादलीत! पण दुखणं माशाच्या अंगात नव्हतं, त्याच्या शेजाराला होतं. ते कसं, हे कळायला आधी माशाच्या कातडीत शिरावं लागेल.

हे कुटुंब कोणतं?

या माशांना सिक्लिड म्हणतात. नाव अनोळखी वाटेल, पण मंडळी ओळखीची आहेत. त्रिकोणी एंजल, मालकाच्या हातून खाणारा ऑस्कर, ताटासारखा गोल डिस्कस, कपाळावर टेंगूळ घेऊन फिरणारा आणि वास्तुशास्त्राच्या नावाखाली महागात विकला जाणारा फ्लॉवरहॉर्न, हे सगळे सिक्लिड. बाजारात बर्फावर पडलेली तिलापियाही त्यांच्यातलीच. जगभरात या कुळाच्या सतराशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे, आणि त्यांतल्या बहुतेक आफ्रिकेतल्या आणि अमेरिकेतल्या गोड्या पाण्यात राहतात. आमच्या शेजारचे निळे-पिवळे मूळचे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे.

भारताच्या स्वतःच्या सिक्लिड जाती तीनच. त्यांतली मोठी आणि चविष्ट ती गोव्यातली कालुंदर, केरळात जिला करिमीन म्हणतात. दुसरी तिची छोटी नारिंगी बहीण. ऑरेंज क्रोमाइड या नावाने ती मत्स्यपेट्यांमध्ये जगभर फिरून आली आहे. तिसरी कर्नाटकाच्या किनारपट्टीतल्या नद्यांपुरती. त्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक मात्र मादागास्करमध्ये. मधला एवढा समुद्र हे नातं ओलांडून कसं गेलं?

इथे आमच्या भागाचं नाव मध्ये येतं. दक्षिणेकडचे खंड पूर्वी एकत्र होते त्या महाखंडाला 'गोंडवन' हे नाव मिळालं ते याच गोंडांच्या मुलखावरून. ऑस्ट्रियाचे भूगर्भशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्युस यांनी १८८५ मध्ये ते जगभर रूढ केलं. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून सुटले त्याला सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षं झाली. तेव्हा सिक्लिड या जमिनीवरच्या नद्यांतून आधीच पोहत होते आणि जमीन फुटली तसे वाटले गेले, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणते, सापडलेले सर्वांत जुने सिक्लिड जीवाश्म टांझानियातले आणि जेमतेम साडेचार कोटी वर्षांचे. मग हे मासे खाऱ्या पाण्यातून मागाहून गेले असतील. कालुंदर खाडीच्या मचूळ पाण्यात सुखाने राहते, तेव्हा दुसऱ्या बाजूलाही हसण्यावारी नेता येत नाही. वाद मिटलेला नाही.

अंगणात पसरलेलं धान

आता कातडी. माशाच्या खवल्यांच्या आसपास रंगपेशी असतात. त्यांचा आकार गोल नसतो. मधून निघून चारी बाजूंना फांद्या फुटलेल्या, अंगणात काढलेल्या चांदणीसारखा. काळ्या रंगाच्या पेशीत मेलॅनिनचे बारीक कण असतात. तेच मेलॅनिन, जे आपल्या केसांत आणि कातडीत असतं.

बालाघाट धानाचा जिल्हा आहे, म्हणून दाखला धानाचाच देतो. मळणी झालेलं धान वाळायला अंगणभर पसरलं की दुरून सगळं अंगण सोनेरी दिसतं. संध्याकाळी तेच धान ओढून मधोमध रास केली की शेणाने सारवलेली जमीन उघडी पडते आणि सोनेरी रंग टोपलीभर जागेत गोळा होतो. धान एक दाणाही कमी-जास्त झालेलं नाही. फक्त पसरलं की रास केली, एवढाच फरक.

रंगपेशीत नेमकं हेच चालतं. मेलॅनिनचे कण फांद्यांच्या टोकांपर्यंत पसरले की मासा गडद दिसतो. पेशीच्या मध्यभागी त्यांची रास झाली की फिका. पसरवणारा आणि गोळा करणारा मात्र एकच गडी नसतो. पेशीच्या आत मध्यापासून कडेपर्यंत रुळांसारखे सूक्ष्म धागे गेलेले असतात. त्यांवरून कण वाहून नेणारे प्रथिनांचे दोन तऱ्हेचे हमाल असतात. कायनेसिन माल कडेकडे नेतो, डायनीन मध्याकडे आणतो. कुणाची पाळी चालू आहे त्यावर माशाचा रंग ठरतो.

पाळी कोण ठरवतं? घाईचं काम असेल तर मज्जातंतू. तंतूच्या टोकातून नॉरअ‍ॅड्रेनालिन नावाचा रासायनिक निरोप येत राहतो तोवर धानाची रास टिकते. निरोप थांबला की दाणे पसरतात आणि काळी पट्टी उमटते. माशाच्या अंगाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या तंतूंच्या ताब्यात असल्यामुळे डोळ्याखालची रेघ काळी होऊन बाकी अंग तसंच राहू शकतं. सावकाशीचं काम असेल तर संप्रेरकं. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ती रक्तात उतरतात आणि सगळ्या अंगाला एकदम हुकूम देतात.

निळा रंग नसलेला निळा

शेजारच्या मुलाच्या माशात निळा रंगच नाही, हे सांगितल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती अजून लक्षात आहे.

पिवळ्या आणि लाल पेशींमध्ये खरोखरचा रंग असतो. त्यातला बराचसा अन्नातून येतो, कारण कॅरोटिनॉइड नावाची द्रव्यं मासा स्वतः तयार करू शकत नाही. शैवाल, कोळंबी, किडे यांतून ती मिळवावी लागतात. ज्या माशाला वर्षभर एकाच प्रकारच्या स्वस्त गोळ्या मिळतात त्याचा लाल-पिवळा रंग उतरतो. त्यात आजार काही नाही, फक्त ताट गरीब आहे.

निळ्याची गोष्ट वेगळी. चकाकणाऱ्या पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या पदार्थाचे पातळ स्फटिक एकावर एक रचलेले असतात, पत्त्यांच्या जोडासारखे. उजेड त्या थरांवरून परतताना काही रंग एकमेकांना खोडतात, काही बळ देतात आणि डोळ्याला निळा दिसतो. मोराच्या पिसात आणि पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या डिझेलच्या तवंगात हीच करामत. या थरांच्या खाली मेलॅनिनची काळी पार्श्वभूमी असेल तर निळा गडद उठून दिसतो. ती हटली की उजेड इकडेतिकडे विखुरतो आणि तोच मासा राखाडी वाटतो. म्हणजे आपल्या निळ्याचं निळेपण काळ्या धानावर उभं आहे. रास झाली की निळा गेला.

काही क्षण, काही तास, काही महिने

सगळे रंगबदल एका वेगाने होत नाहीत, आणि गोंधळ बहुतेक इथेच होतो.

सर्वांत जलद तो मज्जातंतूंचा: भांडण पेटलं, घाबरला, जाळी दिसली, की काही क्षणांत पट्टा उमटतो किंवा विरतो. डिस्कसच्या अंगावरचे नऊ उभे पट्टे असेच येतात-जातात. जाणकार पाळणारे त्यांच्याकडे पाहूनच मासा अस्वस्थ आहे हे ओळखतात.

त्याहून सावकाश तो संप्रेरकांचा. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठून टँकचा दिवा लावला आणि एंजलचे काळे पट्टे नाहीसे झालेले दिसले, असा अनुभव पुष्कळांना येतो. अंधारात मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि अनेक माशांत त्याने काळे कण आक्रसतात. ही ग्रंथी कवटीच्या आत असूनही तिच्या भागाला उजेड कळतो, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९११ मध्येच छोट्या माशांवर प्रयोग करून दाखवलं होतं. मधमाशांच्या नाचाची भाषा उलगडणारे तेच हे फ्रिश. सकाळी दिवा लागल्यावर पट्टे आपोआप परततात. रात्रीच्या रात्री दुकानदाराला फोन करायची गरज नसते.

तिसरा बदल आठवड्यांचा-महिन्यांचा. यात धान पसरतं-गोळा होतं एवढंच नाही, अंगणच वाढतं किंवा कमी होतं. पांढऱ्या खड्यांवर महिनोन्‌महिने ठेवलेल्या माशात काळ्या पेशींची संख्याच घटते. तळ गडद की उजळ हे माशाला डोळ्यांनी कळतं. वरून येणारा उजेड आणि तळावरून परतणारा उजेड यांची तुलना त्याचा मेंदू करत असतो. म्हणून दोन्ही डोळे गेलेला मासा बहुधा काळवंडतो, त्याला तळ दिसतच नाही. शोभेसाठी पांढरे खडे घालणारे बहुतेक जण आपल्याच माशांचा रंग आपल्या हाताने उतरवतात, हे माझं स्पष्ट मत आहे. साधी नदीची काळपट वाळू धुऊन घालावी.

आणि एक बदल कायमचा. निकाराग्वातल्या मिडास सिक्लिडची पिल्लं राखाडी जन्मतात. त्यांतली थोडी वाढता वाढता काळ्या पेशी गमावतात आणि सोनेरी होतात. पुन्हा मागे फिरणं नाही. याच्या मुळाशी असलेला जनुक २०२२ मध्ये सापडला, त्याला नाव दिलंय 'गोल्डनटच'. फ्लॉवरहॉर्नच्या रक्तात अमेरिकेतल्या अशा सिक्लिडांचा वाटा असल्यामुळे त्याची पिल्लंही वयात येताना काळा रंग टाकतात. तेव्हा मालक घाबरून औषध टाकतात आणि रंग नैसर्गिकरीत्या पालटला की श्रेय औषधाला देतात.

पाटीलकी मिळाल्यावर

आता मूळ प्रश्न. दोन सारखे निळे, एकच पाणी, एकच खाणं. मग एकाचाच रंग का गेला?

याचं उत्तर सर्वांत नीट मिळालं ते टांगानिका सरोवराच्या परिसरातल्या बर्टोनी नावाच्या बोटभर सिक्लिडकडून. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड यांनी या माशावर अनेक वर्षं काम केलं. बर्टोनीच्या नरांत दोन वर्ग असतात. थोडे नर पाटील. ते निळे किंवा पिवळे, गालावर डोळ्यापासून उतरणारी काळी रेघ, कल्ल्यामागे लाल डाग, ताब्यात एक खड्डा आणि खड्ड्याभोवतीची हद्द. बाकी नर बेताचे: फिके, मातकट, माद्यांसारखे दिसणारे, त्यांच्याच घोळक्यात वावरणारे. प्रजोत्पादन बहुतेक करून पाटलांच्याच वाट्याला.

हे दोन वर्ग जन्माने ठरत नाहीत. पाटीलकी रिकामी झाली की बेताचा नर ती घेतो. २००५ मध्ये बर्मिस्टर, जार्विस आणि फर्नाल्ड यांनी एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. पहाटे, दिवे लागण्याआधी, अंधारात दिसणारा चष्मा घालून त्यांनी टँकमधला पाटील हळूच काढून घेतला. दिवे लागले. खालच्या नराने पाहिलं, पाटील नाही. काही मिनिटांत त्याच्या गालावर काळी रेघ उमटली, अंगावर रंग चढला आणि तो इतरांच्या अंगावर धावून जाऊ लागला. मेंदूच्या ज्या भागातून प्रजनन चालवलं जातं तिथे वीस मिनिटांतच एका जनुकाचं काम जोरात सुरू झालेलं आढळलं. पुढच्या काही दिवसांत त्या भागातल्या विशिष्ट चेतापेशी फुगून मोठ्या होतात, वृषणं वाढतात. हरलेल्या पाटलाच्या अंगात हीच गाडी उलट दिशेने जाते.

माणसाला हुद्दा मिळाला की चालणं बदलतं असं आपण म्हणतो. इथे कातडी बदलते, आणि पाठोपाठ मेंदूही.

गालावरच्या त्या रेघेचं काम धमकीचं. ती थेट मज्जातंतूच्या ताब्यात असते, म्हणून भुवई चढवावी तशी चढवता आणि उतरवता येते. हरलेला रेघ लगेच पुसतो, कारण ती ठेवली तर मार पडतो. रंग मिरवणं म्हणजे आव्हान देणं, रंग टाकणं म्हणजे शरण जाणं. टँकच्या कोपऱ्यातला राखाडी निळा आपल्या दादाला सांगत होता, 'मी तुझ्या वाटेत नाही.' पळायला सरोवर असतं तर हे सांगावंही लागलं नसतं. तीन फुटांत दुसरा मार्ग नव्हता.

या माशांची हिशेबाची अक्कलही पाहण्यासारखी. २००७ मध्ये 'नेचर'मध्ये ग्रोसनिक, क्लेमेंट आणि फर्नाल्ड यांचा एक निबंध आला. पाच नर घेतले: अ, ब, क, ड, इ. एका सहाव्या नराला काचेपलीकडून कुस्त्या दाखवल्या. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, क ने ड ला, ड ने इ ला. ब आणि ड यांची कुस्ती त्याने कधी पाहिलीच नव्हती. नंतर त्याच्यासमोर एका बाजूला ब आणि दुसऱ्या बाजूला ड ठेवल्यावर तो ड कडे, म्हणजे कमजोराकडे गेला. आखाड्याच्या बाहेर बसून कोण कुणाला पाडेल याचा अंदाज बांधणारे गावोगाव असतात. हे काम मासाही करतो, आणि एकदाही आखाड्यात न उतरता.

मात्र 'काळा म्हणजे तगडा, फिका म्हणजे हरलेला' असं सूत्र करून भिंतीवर लावू नका. नाइल तिलापियात उलट आहे. तिथे हरलेला काळवंडतो, त्याचे डोळेसुद्धा गडद होतात. तिच्याच चुलत बहिणीत, मोझांबिक तिलापियात, काळाकुट्ट असतो तो विजयी नर. प्रत्येक जातीची बोली वेगळी, पाच कोसांवर भाषा बदलावी तशी. क्रिब नावाच्या छोट्या आफ्रिकी सिक्लिडमध्ये तर पोटावरचा लालबुंद रंग मादीचा, आणि नटूनथटून पुढाकार घेणारीही तीच.

> चौकट: औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी
>
> • रंग एकाचाच गेला की सगळ्यांचा? एकाचाच गेला असेल तर आधी शेजारी तपासा. सगळ्यांचा गेला असेल तर पाणी तपासा. नव्या टँकमध्ये अमोनिया साठतो.
>
> • कल्ल्यांची उघडझाप जलद आहे का, पर मिटलेले आहेत का, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का? असतील तर ते खरं दुखणं.
>
> • खाणं टाकल्यावर फिका मासा येतो का? यावंसं वाटून मध्येच मागे फिरत असेल तर त्याला कुणाची तरी भीती आहे.
>
> • थंडीत पाण्याचं तापमान पाहा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथे पारा दहाच्या आसपास उतरतो. गरम पाण्याच्या या माशांना हीटर लागतो.
>
> • दगड आणि कुंड्यांची जागा बदला. हद्दी मोडल्या की जुनी भांडणं निदान काही दिवस विसरली जातात. नवा मासा दिवा बंद करूनच सोडा.

साडीच्या दुकानातला उजेड

रंगाचं एक टोक माशाच्या अंगात असतं, दुसरं पाहणाऱ्याच्या डोळ्यात. साडी घेताना आपली आई दुकानाच्या दारात येऊन उन्हात पदर धरून पाहते, कारण दुकानातल्या दिव्यावर तिचा विश्वास नसतो. मासे घेतानाही हेच करायला हवं. दुकानात निळ्या-गुलाबी एलईडीखाली लखलखणारा मासा घरच्या पांढऱ्या उजेडात साधा निघतो. काही व्यापारी पिल्लांना नराचं संप्रेरक देऊन वेळेआधी रंग आणतात, तो तर काही आठवड्यांत उतरतोच. लहान वयात भडक दिसणारा मासा घेताना म्हणूनच जरा थांबावं.

व्हिक्टोरिया सरोवरात उजेडाच्या या खेळाची फार मोठी किंमत मोजली गेली. तिथे लाल नराची एक जात आणि निळ्या नराची दुसरी, एकमेकींच्या इतक्या जवळच्या की माद्या केवळ रंग पाहून आपला नर ओळखतात. ओले सीहाउझेन आणि सहकाऱ्यांनी टँकवर असा दिवा लावला की लाल-निळ्यातला फरकच दिसेना. माद्यांनी भेद करणं सोडून दिलं. सरोवरातही तेच घडत होतं. काठच्या शेतांची माती आणि सांडपाणी उतरून पाणी गढूळ झालं, त्या ठिकाणी जाती एकमेकींत मिसळत होत्या. १९९७ मध्ये 'सायन्स'मध्ये हे प्रसिद्ध झालं. नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा तिथे बाहेरून सोडला गेला होता. त्याने आणि या गढूळपणाने मिळून त्या सरोवरातल्या सिक्लिडच्या शेकडो जाती संपवल्या.

बोडीतला काळा नर

परत बादलीकडे येतो. तगडा निळा दुपारी काढला. दिवेलागणीपर्यंत नळीमागचा बाहेर आला होता आणि त्याच्या अंगावरचे पट्टे विरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळावर निळी झाक. चौथ्या दिवशी मुलगा पळत आला, "काका, हा तर पहिल्यापेक्षा भारी झाला!" नळीमागचा आता पिवळ्यांना दम देत होता. औषधाचा आणखी एक थेंबही लागला नाही.

मग पहिल्याला परत सोडून पाहिलं. दगड हलवले, दिवा बंद केला, सगळं केलं. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा एक राखाडी. या वेळी राखाडी दुसराच होता. तीन फुटांत या जातीचे दोन वयात आलेले नर नांदत नाहीत, एवढंच खरं.

एक निळा जास्तीचा झाला. मुलाचे वडील सहज म्हणाले, "सोडून देऊ वैनगंगेत. जगेल बिचारा."

मला मोझांबिक तिलापिया आठवली. १९५२ मध्ये तिला भारतात आणलं ते गरिबांना स्वस्त मासा मिळावा म्हणून. हेतू चांगलाच होता. पण मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लंही धोका दिसला की तिच्या तोंडात शिरतात. त्यामुळे एका जोडीने सबंध तळं भरतं, आणि भरलेल्या तळ्यात मासे खुजे राहतात. १९५९ मध्येच तिचा प्रसार थांबवावा असं ठरलं, तोवर ती निघून गेली होती. उजनीच्या जलाशयात मासेमार तिला चिलापी म्हणतात आणि जाळ्यात तीच भरभरून येते.

उन्हाळ्यात तिलापिया शिरलेल्या बोडीचं, म्हणजे छोट्या तळ्याचं, किंवा मोठ्या तळ्याचं पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या चिखलात परातीएवढे गोल खड्डे दिसतात, एकाला एक लागून. पोरं त्यांना म्हशीच्या पायांचे ठसे समजतात. ते तिलापियाच्या नरांनी तोंडाने माती उपसून केलेले असतात. पाणी असताना प्रत्येक खड्ड्यावर एक काळाकुट्ट नर उभा असतो, गळा पांढरा, परांची कड लाल, शेजारच्या खड्ड्यावरच्या नराकडे रोखून पाहणारा. आपल्या टँकमधलं नाटक तिथे कित्येक पटींनी मोठं चाललेलं असतं. कडेला फिरणाऱ्या रुपेरी नरांना आपली पाळी कधी येईल याची वाट पाहायची असते.

निळ्याला पुढच्या रविवारी पिशवीत घालून गोंदियाला परत नेलं. दुकानदाराने पैसे दिले नाहीत, त्याच्या बदल्यात खाण्याचा एक डबा दिला. तुमच्याकडेही टँक नकोसा झाला किंवा मासा जास्तीचा झाला, तर दुकानात परत द्या, ओळखीच्या कुणाला द्या. नदीत, नाल्यात, बोडीत सोडू नका.